कोंढ्याची रिकामी ढोली

करडीहून कोंढा म्हणजे काही काशी नव्हे. सकाळच्या गाडीनं निघालं तर दुपारचं जेवण तिथं होतं. एवढ्याशा प्रवासाचं काय लिहायचं, असं मलाही वाटलं होतं. पण परत आल्यापासून गावातल्या बाया एकच विचारतात, नातीले आलेलं आंधळगावचं चांगलं स्थळ काहून सोडलं? मी खरं कारण सांगते, तर त्या तोंडाला पदर लावून हसतात. एकीनं तर माझ्या सुनेला बाजूला घेऊन माझी तब्येत विचारली. म्हणून झालं तसं लिहून काढते. माझी शाळा चौथीपर्यंतची. जोडाक्षर चुकलं तर सांभाळून घ्यावं.

निघण्याआधी

माझी नात मयुरी नागपूरला दवाखान्यात रक्त तपासते. दिवाळीला आली तेव्हा तिनं आपला जुना फोन मला दिला आणि कानात घालायची दोन बटणं दिली. त्यांना वायर नाही. शेंगदाण्यासारखी दिसतात. म्हणाली, "आजी, हे ऐक." मी लाखोळीची डाळ निवडत होते. आधी काहीच वाजलं नाही. मग थेंब पडल्यासारखा आवाज यायला लागला. मला वाटलं नळ चालू राहिला, म्हणून उठून पाहून आले. नळ बंद होता. परत बसले तर मागून ढोल आला, पेटीसारखं काहीतरी आलं, आणि कुणी गायला लागेल म्हणून मी वाट पाहत राहिले. लाखोळी निवडून झाली तरी कुणी गायलं नाही.

"गाणारा कुठी गेला?" मी विचारलं.

"यात गाणारा नाहीच, आजी."

"मंग हे संपते कसं?"

"आपल्या मनानं संपते."

या जातीच्या संगीताचे तीन प्रकार असतात, असं तिनं सांगितलं. प्रोग्रेसिव्ह, सायकेडेलिक आणि एक्सपेरिमेंटल. तिघांचंही आडनाव रॉक. तिनं फरक समजावला, पण मी तो माझ्या सोयीनं लक्षात ठेवला. पहिल्यात ताल चालता चालता लंगडतो. दुसऱ्यात बसल्या जागी गरगरतं. तिसऱ्यात पुढं काय होणार ते वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मला ते आवडलं असं मी म्हणणार नाही. खरं सांगायचं तर मला गाणं मधात बंद करता येत नव्हतं. जे लागेल ते शेवटपर्यंत ऐकावं लागे. बंद करायला शिकले तोवर सवय जडली होती.

मयुरी आणि तिच्यासारखे आणखी काही जण दर रविवारी फोनवर एकमेकांना सांगतात, सध्या आपण काय ऐकतो आहोत. तिनं मलाही विचारायला सुरुवात केली. एकदा मी म्हटलं, "यातला माणूस गात नाही, त्याचा दात दुखून राहिला." तिनं ते सगळ्यांना कळवलं. कोंढ्याच्या एका पोरानं उलट निरोप पाठवला, "आजीले सांगा, दात नाही, दाढ हाये." त्या पोराचं नाव प्रफुल्ल. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, घरी धान आणि मिरची आहे. पुढं कळलं की रविवार सोडून बाकीच्या दिवशीही दोघांचं बोलणं चालतं.

मयुरीनं हे घरी सांगितलं तेव्हा आंधळगावचं स्थळ जवळजवळ ठरत आलं होतं. मुलगा नोकरीवाला, घर पक्कं. ते उत्तराची वाट पाहत होते. माझा मुलगा राजू म्हणाला, "आई, तू आन् काका कोंढ्याले जाऊन घर पाहून या. तू हो म्हटलं तर हो. नाही म्हटलं तर आंधळगाव." निघायच्या दिवशी मयुरी फोनवर म्हणाली, "आजी, त्याले एवढंच विचारजो, सध्या काय ऐकून राहिला. आन् तो जे लावून देईन ते पूर्ण ऐकजो. मधात उठू नको."

"आन् मी नाही म्हटलं तर?"

"तर आंधळगाव," ती म्हणाली. तिचा असा मिळमिळीत आवाज मी आधी ऐकला नव्हता.

कारध्याचा पूल

सोबतीला माझे दीर, सदाशिव भाऊजी. त्यांना दोन गोष्टींची माहिती आहे, बैल आणि जेवण. गाडीत बसल्या बसल्या त्यांना झोप लागते. मी कानात बटणं घातली. शेजारी बसलेल्या बाईनं ते पाहिलं आणि मी बहिरी आहे असं समजून कानाशी तोंड आणून ओरडली, "कुठं जाता जी?" मी तिला खरं सांगितलं नाही. बहिऱ्या बाईला लोक खिडकीची जागा देतात.

त्या आठवड्यात मी एकच गाणं ऐकत होते. त्यात दोन गिटार आहेत. डाव्या कानातली काहीतरी विचारते, उजव्या कानातली उत्तर देते. भांडण नाही, नुसती विचारपूस. मला ते बरं वाटे, कारण आमच्या घरात विचारलेल्याचं उत्तर कुणी देत नाही.

कारध्याचा पूल आला. वैनगंगेला नाणं टाकायचं म्हणून मी खिडकीतून मान बाहेर काढली. एवढ्या वर्षांत किती नाणी टाकली, पण एकही नदीत पडलेलं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. या वेळी नीट पाहू म्हटलं आणि आणखी वाकले. नाणं पुलाच्या कठड्यावर आपटून रस्त्यावर राहिलं. उजव्या कानातलं बटण मात्र सरळ नदीत गेलं. ते नीट दिसलं.

भंडाऱ्यापर्यंत मी त्या गिटारीचा नुसता प्रश्न ऐकत गेले. उत्तर पाण्यात.

भंडाऱ्याच्या स्टँडवर भाऊजी जागे झाले आणि त्यांनी तर्री-पोहे मागवले. मी बटणाचं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, एक कान तर हाये ना. मले दोन्ही असून काय फायदा." मग पवनीकडे जाणारी गाडी धरली.

कोंढा, पहिला दिवस

फाट्यावर प्रफुल्लचे वडील दादारावजी छोटा टेम्पो घेऊन आले होते. मागं वाळलेल्या मिरच्यांची पोती. मानपान म्हणून मला पुढं बसवलं, भाऊजींना पोत्यांवर. तिकडं पवनीच्या बाजूला मिरची भरपूर होते. आमच्याकडं धान एके धान. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल मिरच्या वाळत घातलेल्या, दुरून लग्नाचा गालिचा अंथरल्यासारखं दिसतं. जवळून तसं वाटत नाही. घर येईपर्यंत मी शिंकून शिंकून रडकुंडीला आले. प्रफुल्लची आई शकुनबाई दारात ओवाळायला उभी. माझे डोळे पाहून तिचा चेहरा उतरला.

"काय झालं आत्याबाई? कोणी काही बोललं का?"

"मिरची बोलली," मी म्हटलं.

जेवणात भात, अंबाडीची भाजी आणि वडे होते. अंबाडीत आम्ही तांदळाच्या कण्या टाकतो, ते तुरीची डाळ टाकतात. मी ते बोलून दाखवलं. पाहुणीनं बोलायची गोष्ट नव्हती, पण भाऊजींनी तिसऱ्यांदा भाजी घेतल्यामुळं निभावलं. तिखट असं की मला एका कानानं ऐकू येतं हेही विसरायला झालं.

प्रफुल्ल उंच, काळासावळा, हाताला ग्रीसचे डाग. पाया पडला. जेवणानंतर मी त्याला मयुरीनं सांगितलेला प्रश्न विचारला.

"सध्या काय ऐकून राहिला गा?"

त्यानं आईकडं पाहिलं. आईनं त्याच्याकडं पाहिलं. मग त्यानं खिशातला फोन काढून एक गाणं लावलं. बासरी, त्यावर एक बाई गुणगुणते, मागं पाण्याची झुळझुळ. सगळं गोड. चहाचा कप रिकामा होण्याआधी संपलं.

"हेच ऐकून राहिला?"

"हो आजी," तो म्हणाला. वर पाहिलं नाही.

मयुरी सांगायची की हा पोरगा पाठवतो त्यात पत्रे पडतात, इंजिनं सुरू होतात आणि ढोलवाला पायऱ्यांवरून घसरत येतो. आजीसाठी यानं साखर काढली. जो आजीला साखर लावतो तो बायकोलाही लावणार. मी मनात एक फुली मारली. मी मोठी तयार परीक्षक झाले होते. तीन महिने ऐकलं होतं ना.

दुसरा दिवस

सकाळी घर पाहायला निघालो. भाऊजी बैलांकडे गेले आणि तिथंच रमले. मी विहीर पाहिली, चूल पाहिली, मागची भिंत पाहिली. मधल्या खोलीत ढोली होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, ढोली म्हणजे बांबूच्या काड्यांची विणलेली, शेणमातीनं लिंपलेली, माणसाच्या उंचीची धानाची कोठी. आमच्याकडं घर पाहायला गेलेली म्हातारी धान किती हे विचारत नाही. ते बरं दिसत नाही. ती बोलता बोलता ढोलीपाशी जाते आणि बोटाच्या पेरानं वाजवून पाहते. भरलेली ढोली ठस बोलते.

मी वाजवली. पोकळ बोलली.

कमरेपाशी वाजवली, गुडघ्यापाशी वाजवली. तळापर्यंत पोकळ. चुरणं, म्हणजे धानाची मळणी, होऊन किती दिवस झाले होते? धानाच्या घरात या दिवसांत ढोली रिकामी म्हणजे काय समजायचं? चांगल्या वळणाची बाई मनात समजून घेते आणि घरी जाऊन बोलते.

"यात धान नाही," मी म्हटलं.

दादारावजी आपल्या पायाच्या बोटांकडं पाहू लागले. शकुनबाई म्हणाली, "धान हाये जी. पोत्यात हाये. मांगच्या खोलीत."

"ढोली असून पोत्यात काहून?"

प्रफुल्ल बोलणार होता, आईनं त्याचा हात दाबला. ते मी पाहिलं आणि दुसरी फुली मारली. अंगणात येऊन राजूला फोन लावला. एका कानात बटण असल्यामुळं आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नाही. मला वाटलं मी हळू बोलते आहे.

"राजू, ढोली रिकामी हाये. पोरगा गोडबोल्या. आंधळगाववाल्यांले हो म्हणून दे."

गोठ्यातून भाऊजी बाहेर आले. शेजारची बाई कुंपणापाशी आली. मागं वळून पाहिलं तर शकुनबाई दारात उभी. तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. तसलं काही नव्हतं. तिनं पदर कमरेला खोचला.

"प्रफुल्ल," ती म्हणाली, "काढ तो तुझा डब्बा. लोकं भिकारी म्हणतीन त्यापरीस येडे म्हणलेले चालतीन."

प्रफुल्ल आत गेला. वाकळांच्या ढिगाखालून त्यानं एक काळा स्पीकर काढला. वासराएवढा. मला पाहून लाजल्यासारखा हसला.

मग सगळं बाहेर आलं. त्याचं संगीत खोलीत वाजलं की गल्ली भांडायला येई. एक दिवस त्यानं धान पोत्यांत भरलं, ढोली रिकामी केली, स्पीकर दोरानं आत सोडला आणि तोंडावर गोणपाट टाकलं. बाहेर आवाज गेला नाही, आत मात्र घुमला. तेव्हापासून ढोलीत धान गेलं नाही. पाहुणे येणार म्हणून शकुनबाईनं स्पीकर लपवला आणि पोराला दटावलं, म्हातारीपुढं काहीतरी माणसाचं लाव.

"मंग कालचं ते बासरीचं?" मी विचारलं.

"ते माह्यं हाये," शकुनबाई म्हणाली. "मी ऐकत असतो भाकरी करताना. काहून, वाईट हाये का?"

मी म्हटलं चांगलं आहे. ढोलीबद्दल खरं बोलून झालं होतं, आणखी खरं बोलायची हिंमत नव्हती.

"आता ते तुझं लाव," मी प्रफुल्लला म्हटलं. "काल विचारलं होतं ते."

"आजी, लांब हाये."

"मले दुसरं काय काम हाये? घर तर पाहून झालं."

त्यानं स्पीकर ढोलीत सोडला. त्या घराची ऐकायची रीत अशी की समोर बसायचं नाही, ढोलीला पाठ टेकून बसायचं. एका बाजूला मी, माझ्या शेजारी शकुनबाई, पलीकडं दादारावजी. भाऊजींनीही पाठ टेकली, पण ती आधीच कुठंतरी टेकायची होती.

सुरुवातीला गिरणीचा पट्टा फिरल्यासारखा आवाज आला. कानाला कमी, पाठीला जास्त. मग ढोल आले. चार पावलं नीट, पाचव्याला लंगडा. लिंपणाचे पोपडे माझ्या डोक्यावर पडायला लागले. पेटीसारखं ते वाद्य आलं तेव्हा मणक्यातून मानेपर्यंत काहीतरी चढत गेलं. मी डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधते, त्यानं इतकं बरं कधी वाटलं नाही. मध्येच कुणीतरी पत्र्यावर खिळे ओढू लागलं आणि ओढतच राहिलं. मला उठावंसं वाटलं. उठले नाही, एक तर मयुरीला शब्द दिला होता आणि दुसरं म्हणजे गुडघे आखडले होते. दादारावजींचे डोळे मिटलेले, मान मात्र बरोबर त्या लंगड्या जागी हले. शकुनबाई तोंड वाकडं करून बसली होती, पण पाठ काढली नाही तिनं. शेवटी सगळे आवाज एकेक करून निघून गेले आणि तो गिरणीचा पट्टा तेवढा राहिला. मग तोही थांबला. भाऊजी जागे झाले. "काय झालं?" म्हणाले.

प्रफुल्ल माझ्याकडं पाहत उभा होता.

"मधला भाग बेकार हाये," मी म्हटलं.

शकुनबाईनं कपाळाला हात लावला. प्रफुल्लनं थोडा विचार केला. "मलेही तो आवडत नाही, आजी," तो म्हणाला. "एकदा मधातून काढून ऐकून पाहिलं. मंग शेवट उगाच वाटते."

मी दोन्ही फुल्या पुसल्या. मी पत्र्याबद्दल बोलले तेव्हा नुसतं हो आजी, हो आजी करणं त्याला सोपं होतं, पण तो भाग का लागतो हेही त्यानं सांगितलं.

"एकाच बाजूनं वाजते पण," मी म्हटलं. "दुसरी बाजू कुठी हाये?" नदीतलं बटण माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं.

"दुसरा डब्बा हाये ना जी. दुसरी ढोली उधईनं खाल्ली." उधई म्हणजे वाळवी.

आता राजूला परत फोन करायचा होता. तो आयुष्यात कुठलंच काम लवकर करत नाही. गाईला पाणी पाज म्हटलं तर संध्याकाळ करतो. त्या दिवशी मात्र त्यानं आंधळगावला लगेच हो कळवलं होतं.

"आता तूच सांग त्यांले," तो म्हणाला. "मी नाही सांगत."

आंधळगावच्या मुलाचा बाप शांत माणूस निघाला. मी म्हटलं, "तुमचं स्थळ चांगलं हाये, माफ करा. माह्यी चूक झाली. ढोली गरिबीनं रिकामी नव्हती, त्यात पोराचं बाजाचं सामान राहते. मी वाजवून पाहिली आन् उगाच बोलली."

"बाई," मग तो म्हणाला, "नाही म्हणायचं तर म्हणा. पण कारण तरी बरं सांगायचं."

त्यानं रागावून फोन ठेवला असता तर मला सोपं गेलं असतं. हसत ठेवला.

शेवटी मयुरीला लावला. तिला तिच्या बापानं सकाळचं सगळं सांगितलं होतं, नंतरचं सांगितलं नव्हतं.

"पूर्ण ऐकलं?" तिनं विचारलं. तोच मिळमिळीत आवाज.

"पूर्ण ऐकलं. मधात उठली नाही."

"आन्?"

"मधला भाग बेकार हाये. पोरगा ठीक हाये. आंधळगावले मी नाही म्हणून सांगितलं."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. नागपुरात थंडी असावी. "आजी," ती म्हणाली, "बटणं नीट हायेत ना?"

तिला पुलाचं सांगावंच लागलं. तेव्हा मात्र ती इतकी हसली की फोन कानापासून दूर धरावा लागला.

परत करडीत

घरी आल्यावर पहिल्यांदा आमची ढोली वाजवून पाहिली. ठस. गळ्यापर्यंत भरलेली. आयुष्यभर हा आवाज ऐकून मला बरं वाटत आलं. या वेळी वाटलं, हिच्यात काहीच घुमणार नाही. असं वाटायला लागणं हे म्हातारपणाचं लक्षण आहे की संगीताचं, ते मला सांगता येणार नाही. सुनेनं ऐकलं आणि पुन्हा तब्येत विचारली.

लग्न उन्हाळ्यात आहे. आहेरात भांडी देऊ, कपाट देऊ, असं घरात चाललं आहे. मी मध्ये पडले नाही. गेल्या आठवड्यात एकटीच बुरडाकडे गेले आणि ढोली मागितली. त्याच्याकडं तयार होती, लिंपूनही ठेवलेली.

"किती धान ठेवता जी?" त्यानं विचारलं. "जास्त असंन तर मोठी विणून देतो."

"धान नाही ठेवायचं."

"मंग काय ठेवता?"

त्याला सांगितलं असतं तर तोही पदर नसताना तोंड झाकून हसला असता. मी ढोलीपाशी गेले आणि बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली. आधी कमरेपाशी, मग गुडघ्यापाशी. तळापर्यंत पोकळ बोलली. घेतली.